मोटोक्रॉस-सुपरक्रॉसच्या दिग्गजांची तुलना: कारकिर्दीचे आकडे कसे मांडावेत आणि कसे वाचावेत

२०१७ च्या एएमए सुपरक्रॉस (अमेरिकेतली, स्टेडियममध्ये होणारी मोटरसायकल शर्यतमालिका) हंगामात एली टोमॅकने ९ मेन इव्हेंट (रात्रीच्या अंतिम शर्यती) जिंकले, रायन डन्जीने ३. विजेतेपद मात्र डन्जीने पटकावलं, अवघ्या ५ गुणांनी. त्या वर्षी सरस कोण होता, यावर चाहते आजही भांडतात आणि दोन्ही बाजूंकडे खरे आकडे असतात. भांडण मिटत नाही, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. एकाचा प्रश्न असतो सर्वात वेगवान कोण, दुसऱ्याचा असतो १७ फेऱ्यांत सर्वात भरवशाचा कोण.

रायडरांची तुलना करायला बसलात की निम्मं काम आकडे जमवण्याचं असतं आणि निम्मं छेद ठरवण्याचं. विजय वर लिहिले, पण खाली काय लिहायचं? स्टार्ट, फेऱ्या, हंगाम की मोटो (मोटोक्रॉसमध्ये दिवसाला होणाऱ्या दोन शर्यतींपैकी एक)? बहुतेक चुका तिथेच होतात. पुढची पद्धत साध्या स्प्रेडशीटवर चालते, तिला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

## पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘सर्वकालीन सर्वोत्तम कोण’ हा मोजता येणारा प्रश्न नाही. त्याचे तुकडे करा. ‘प्रीमियर (सर्वात वरच्या वर्गाच्या) सुपरक्रॉसमध्ये गेटवर (शर्यत सुटते तिथे) उभं राहिल्यावर जिंकण्याचं प्रमाण कोणाचं जास्त?’ हा प्रश्न मोजता येतो. ‘सर्वोत्तम पाच हंगामांत कोणाचं वर्चस्व जास्त होतं?’ हाही येतो. ‘इनडोअर (सुपरक्रॉस) आणि आउटडोअर (मोटोक्रॉस) दोन्हीकडे सारख्या ताकदीचा कोण?’ हाही येतो.

प्रश्न बदलला की नावं कशी बदलतात बघा. जेरेमी मॅकग्राथचे प्रीमियर सुपरक्रॉस विजय ७२ आणि विजेतेपदं ७ (१९९३ ते १९९६, मग १९९८ ते २०००). रिकी कारमायकलचे विजय ४८ आणि विजेतेपदं ५. इथे मॅकग्राथ पुढे आहे. पण आउटडोअर नॅशनल्सच्या प्रीमियर वर्गात मॅकग्राथचं विजेतेपद एकच आहे, १९९५ चं. कारमायकलने ती मालिका २००० ते २००६ अशी सलग सात वर्षं जिंकली. दोघांना एकाच रांगेत उभं करणारा एक आकडा काढायला गेलात, तर स्टेडियममधल्या एका रात्रीचं आणि उघड्या ट्रॅकवरच्या दोन मोटोंचं वजन मनानेच ठरवावं लागतं. सुपरक्रॉस आणि मोटोक्रॉसच्या ओळी शेवटपर्यंत वेगळ्याच ठेवा. बेरीज करायचीच असेल तर ती सर्वात शेवटी करा आणि कोणतं वजन धरलं ते सांगा.

## दुसरी पायरी: आकड्यात काय धरलं आहे ते तपासा

कारमायकलच्या नावापुढे १५० विजय लिहिलेले दिसतात. त्याची फोड अशी: ४८ प्रीमियर सुपरक्रॉस आणि १०२ आउटडोअर. त्या १०२ मध्ये ७६ मोठ्या वर्गातले, २६ त्याच्या १२५ सीसीच्या काळातले. १२५ वर्गातले सुपरक्रॉस विजय या १५० मध्ये धरलेले नाहीत. म्हणजे आउटडोअरला लहान वर्ग मोजला आणि इनडोअरला सोडला. यात फसवाफसवी काही नाही, तशी प्रथाच पडली आहे. पण दुसऱ्या रायडरचा आकडा तुम्ही लहान वर्गाच्या सुपरक्रॉससकट घेतलात, तर तुलना तिथेच नासते.

वर्गांची नावं हा दुसरा खड्डा. अमेरिकेत २००१ सालचा ‘२५० वर्ग’ म्हणजे टू-स्ट्रोक २५० चा, मॅकग्राथ-कारमायकलचा प्रीमियर वर्ग. आजचा ‘२५० वर्ग’ म्हणजे फोर-स्ट्रोक २५० वर धावणारा खालचा वर्ग, सुपरक्रॉसमध्ये पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांत वाटलेला. नावावरून गाळणी लावलीत तर दिग्गज आणि नवखे एकाच रकान्यात येऊन बसतील. म्हणून वर्गाचं नाव जसंच्या तसं ठेवा, पण शेजारी स्वतःचा एक रकाना करा आणि त्यात फक्त ‘प्रीमियर’ किंवा ‘दुय्यम’ लिहा. गाळणी नेहमी या रकान्यावर लावा.

जागतिक मोटोक्रॉस मालिकेत (तिची प्रत्येक फेरी म्हणजे एक ग्रांप्री) गुंता आणखी वाढतो. २००३ पर्यंत १२५, २५० आणि ५०० हे वर्ग किंवा त्यांची बदललेली रूपं होती, २००४ पासून एमएक्स१ आणि एमएक्स२ आले, २०१४ पासून एमएक्स१ चं नाव एमएक्सजीपी झालं. स्टीफन एव्हर्ट्सची १० जागतिक विजेतेपदं आणि १०१ ग्रांप्री विजय या सगळ्या वर्गांत पसरलेले आहेत. २००३ साली फ्रान्समधल्या एर्ने इथे त्याने एका दिवसात तीन वर्गांच्या ग्रांप्री जिंकल्या आणि तिन्ही विजय त्या १०१ मध्ये आहेत. जेफ्री हर्लिंग्सने २०२३ मध्ये स्पेनमध्ये १०२ वा विजय मिळवून हा विक्रम मोडला, पण त्याच्या त्या १०२ पैकी निम्म्याहून जास्त विजय एमएक्स२ मधले आहेत आणि त्या वर्गाला २३ वर्षांची वयोमर्यादा आहे. एव्हर्ट्सच्या काळात १२५, २५०, ५०० यांतला ‘वरचा’ वर्ग कोणता, यावर एकमत होणं अवघड आहे. म्हणून इथे दोन ओळी लिहा: सर्व वर्ग मिळून आणि एमएक्स१/एमएक्सजीपी एकटं. कोणतीही एकच ओळ दाखवली तर कोणावर तरी अन्याय होतो.

आणखी एक गोष्ट तपासायची राहते. २०२२ पासून एफआयएमची (मोटरसायकल खेळाची जागतिक संघटना) वर्ल्ड सुपरक्रॉस ही स्वतंत्र मालिका चालते, आणि २०२३ पासून अमेरिकेत सुपरक्रॉस व आउटडोअरच्या शेवटी सुपरमोटोक्रॉसच्या प्लेऑफ फेऱ्या होतात. हे विजय एएमए सुपरक्रॉसच्या विजयांत मिसळू नका. त्यांच्यासाठी मालिकेचा रकाना असतोच.

## तिसरी पायरी: तक्ता मांडा

प्रत्येक ओळ म्हणजे एका रायडरची एक फेरी. हंगामाची बेरीज ओळीत लिहू नका, नंतर फोड करता येत नाही. किमान रकाने असे:

- तारीख, मालिका, फेरीचा क्रमांक, ठिकाण
- वर्ग जसा छापलेला आहे तसा, आणि शेजारी प्रीमियर किंवा दुय्यम
- रायडर आणि त्या दिवशीचं वय
- स्टार्ट घेतला का (१ किंवा ०)
- अंतिम क्रमांक. आउटडोअर असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या मोटोचे क्रमांक वेगळे
- शर्यत पूर्ण केली का (१ किंवा ०), आणि नसेल तर कारण: पडणं, गाडी बिघडणं, दुखापत
- फेरीचा प्रकार: नेहमीची, ट्रिपल क्राउन, चिखल
- मिळालेले अधिकृत गुण

आकडे अधिकृत निकालपत्रकांवरून भरा. जुन्या वर्षांसाठी रेसर एक्स व्हॉल्टसारखा संग्रह उपयोगी पडतो, पण दर हंगामाची बेरीज अधिकृत गुणतक्त्याशी ताडून पाहा. बेरीज जुळली नाही तर तीन कारणं आधी शोधा: गुण कापल्याचा दंड, नंतर अपात्र ठरवून रद्द केलेला निकाल, किंवा ट्रिपल क्राउनची फेरी चुकीची भरलेली.

ट्रिपल क्राउन २०१८ पासून सुपरक्रॉसमध्ये आहे. त्या रात्री तीन छोट्या मेन होतात आणि तिन्ही क्रमांकांची बेरीज सर्वात कमी असेल तो विजेता. २-२-२ करणारा (६) हा १-१-५ करणाऱ्याला (७) हरवतो, एकही मेन न जिंकता. कारकिर्दीत हा एकच विजय धरला जातो. त्यातली प्रत्येक मेन वेगळा विजय म्हणून भरली, तर २०१८ नंतरच्या रायडरांचे विजय फुगतात.

आउटडोअरलाही हीच गत. दोन मोटोंच्या गुणांची बेरीज होते, त्यामुळे २-२ (२२ + २२ = ४४) हा १-४ ला (२५ + १८ = ४३) मागे टाकतो. १-२ आणि २-१ असे दोघं ४७ वर अडकले, तर दुसरी मोटो जिंकणारा पहिला ठरतो. दिवसाचा विजय आणि मोटोविजय असे दोन वेगळे रकाने ठेवले की कोण झटक्यात वेगवान आणि कोण दिवसभर टिकणारा, हे आपोआप दिसू लागतं.

सुपरक्रॉसच्या शर्यतीची लांबीही बदलली आहे. आधी मेन इव्हेंट २० लॅपचा असे, २०१७ पासून प्रीमियर वर्गात २० मिनिटं अधिक १ लॅप. छोट्या, भराभर लॅप होणाऱ्या ट्रॅकवर आता जास्त लॅप होतात आणि दमसास जास्त लागतो. विजय मोजायला याने फरक पडत नाही. लॅप पुढाकारात राहण्याचे आकडे दोन काळांत ताडून पाहायचे असतील तर ते लॅपच्या टक्केवारीत काढा.

## चौथी पायरी: छेद ठरवा

हर्लिंग्सचा २०१८ चा एमएक्सजीपी हंगाम घ्या. मालिकेत २० फेऱ्या होत्या. कॉलरबोन मोडल्यामुळे त्याची एक फेरी हुकली. जिंकल्या १७. २० ने भागलं तर ८५ टक्के, स्टार्ट घेतलेल्या १९ ने भागलं तर ८९.५ टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला सांगतो की हंगामावर त्याची पकड किती होती, दुसरा सांगतो की तो गेटवर असला की काय व्हायचं.

नियम असा ठेवा: वेगाचा प्रश्न असेल तर छेद स्टार्टचा, हंगामाच्या हिशेबाचा प्रश्न असेल तर छेद झालेल्या फेऱ्यांचा. एकाच तुलनेत दोघांसाठी दोन छेद वापरले गेले, की तिथून पुढचं सगळं वाया जातं.

नुसती विजयांची संख्या ओळीने लावणं धोक्याचं आहे, कारण फेऱ्यांची संख्या दर वर्षी सारखी नसते. टक्केवारी लावली की हंगाम एकमेकांशेजारी बसतात. मॅकग्राथने १९९६ मध्ये १५ पैकी १४ मेन जिंकले, म्हणजे ९३.३ टक्के. कारमायकलने २००१ मध्ये १६ पैकी १४, ८७.५ टक्के. जेम्स स्टुअर्टने २००७ मध्ये १६ पैकी १३, ८१.३ टक्के. एव्हर्ट्सने २००६ च्या एमएक्स१ मध्ये १५ पैकी १४ ग्रांप्री, पुन्हा ९३.३ टक्के.

एएमए आउटडोअरमधले निर्भेळ हंगामही असेच पाहा. कारमायकलने २००२ आणि २००४ मध्ये २४ पैकी २४ मोटो जिंकल्या, स्टुअर्टने २००८ मध्ये २४ पैकी २४, जेट लॉरेन्सने २०२३ मध्ये २२ पैकी २२. त्या वर्षी फेऱ्या ११ होत्या. टक्केवारी चारही हंगामांची १०० आहे, त्यामुळे हा फरक टक्केवारीने सुटणार नाही. तिथे पुढची मापं लागतात.

## पाचवी पायरी: गुण एकाच मापावर आणा

कारकिर्दीच्या गुणांची थेट तुलना कधीच करू नका. २०१७ पर्यंत सुपरक्रॉसचं कोष्टक २५-२२-२०-१८-१६-१५ असं होतं आणि पुढे विसाव्यापर्यंत एक-एक गुण उतरत जाई. २०१८ मध्ये ते २६-२३-२१-१९-१८-१७ झालं आणि मेनमधले सगळे २२ जण गुण मिळवू लागले. पुढे पुन्हा बदल झाले. एमएक्सजीपीत २०२३ पासून शनिवारच्या पात्रता शर्यतीलाही पहिल्या दहांसाठी १० ते १ गुण मिळतात.

टक्केवारी काढून हे सुटेल असं वाटतं, पण तेवढ्याने भागत नाही. जुन्या कोष्टकात दहाव्याला ११ गुण, म्हणजे विजेत्याच्या ४४ टक्के. २०१८ च्या कोष्टकात दहाव्याला १३, म्हणजे ५० टक्के. रायडर तोच, जागा तीच, पण नव्या काळात तो सहा टक्क्यांनी चांगला दिसतो. यावर उपाय एकच: अधिकृत गुण बाजूला ठेवा आणि अंतिम क्रमांकावरून स्वतः गुण काढा, सगळ्या वर्षांसाठी एकच कोष्टक वापरून. जुनं २५-२२-२० चं कोष्टक सोयीचं पडतं, कारण एमएक्सजीपीच्या मोटोंनाही तेच लागू होतं. स्प्रेडशीटमध्ये क्रमांक आणि गुणांची छोटी यादी वेगळ्या पानावर ठेवा आणि व्हीलुकअपने (यादीतून जुळणारा आकडा आणणारं सूत्र) ओढा. अधिकृत गुणांचा रकाना पुसू नका. विजेतेपदाचा हिशेब त्यावरच होतो.

आता सुरुवातीचं २०१७ चं कोडं सोडवू. टोमॅकच्या ९ विजयांचे २२५ गुण, डन्जीच्या ३ विजयांचे ७५. डन्जी १५० ने मागे, तरी शेवटी ५ ने पुढे. म्हणजे विजय सोडून उरलेल्या रात्रींत डन्जीने टोमॅकपेक्षा १५५ गुण जास्त मिळवले. उरलेल्या रात्री डन्जीच्या १४ होत्या, टोमॅकच्या ८. त्या सहा जास्तीच्या रात्रींना प्रत्येकी तिसऱ्या क्रमांकाचे २० गुण धरले तरी १२० होतात. बाकी ३५ गुण आठ-आठ रात्रींच्या तुलनेतून आले, म्हणजे न जिंकलेल्या प्रत्येक रात्री डन्जी सरासरी चार-साडेचार गुणांनी पुढे. टोमॅकच्या न जिंकलेल्या रात्री फार खाली गेल्या, डन्जीच्या पोडियमच्या (पहिले तीन क्रमांक) आसपास राहिल्या. डन्जीच्या नावावर प्रीमियर सुपरक्रॉसमध्ये सलग ३१ पोडियमचा विक्रम आहे, तो याच स्वभावाचा.

यातून एक फार कामाचं माप मिळतं: न जिंकलेल्या फेऱ्यांची सरासरी जागा. विजयाची टक्केवारी आणि हे माप अशी दोनच मापं शेजारी ठेवलीत, तरी रायडरचा स्वभाव बराचसा कळतो. मला विचाराल तर कोणत्याही तुलनेत हे दोन रकाने आधी भरावेत, बाकीचे सवडीने.

## सहावी पायरी: अपुऱ्या शर्यती आणि मध्यक

समजा एखाद्या रायडरचे आठ निकाल १, १, २, २, ३, ३, ४ आणि २२ असे आहेत. शेवटच्या रात्री पहिल्याच वळणावर गाडी आडवी झाली. सरासरी येते ४.७५, आणि त्यावरून तो पाचव्या क्रमांकाचा रायडर वाटतो. मध्यक (निकाल क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) येतो २.५, आणि हेच त्याचं खरं चित्र आहे.

म्हणून दोन्ही काढा. सरासरी आणि मध्यक यांतलं अंतर मोठं असेल, तर तो रायडर एक तर पोडियमवर, नाहीतर जमिनीवर. अपूर्ण शर्यती गाळून टाकण्याचा मोह होतो, तो आवरा. पडणं हा या खेळात नुसता अपघात नसतो. जास्त वेगाची किंमत बऱ्याचदा अशीच मोजली जाते. गाडीचा बिघाड तेवढा वेगळा धरता येतो, आणि तोही ‘बिघाड वगळून’ असं लिहूनच.

दुखापतीने हुकलेल्या फेऱ्यांत ० भरू नका, जागा रिकामी सोडा, नाहीतर सरासरीचं सूत्र त्या शून्याला पहिल्याहूनही चांगली जागा समजेल. ही चूक फार सहज होते आणि डोळ्यांना दिसत नाही, कारण आकडा सुधारतो.

विजेतेपदांवर दुखापतीची छाया किती असते हे रायन व्हिलोपोटोच्या दोन हंगामांत स्पष्ट दिसतं. २०१० मध्ये ७ विजय मिळवूनही सेंट लुइसला पाय मोडला आणि विजेतेपद डन्जीकडे गेलं. २०११ मध्ये ६ विजय, आणि विजेतेपद त्याचं. २०२३ मध्ये टोमॅक गुणांत आघाडीवर असताना डेन्व्हरला त्याचा घोट्यामागचा स्नायुबंध (अकिलीस टेंडन) तुटला आणि विजेतेपद चेस सेक्सटनला मिळालं. २००४ मध्ये कारमायकल गुडघ्याच्या दुखापतीमुळे सुपरक्रॉसमध्ये उतरलाच नाही, ते वर्ष चॅड रीडने जिंकलं. अशा विजेतेपदांपुढे चांदणी लावून ती हलकी करू नका, निरोगी राहून शेवटपर्यंत पोचणं हेही कौशल्यच आहे. पण विजेतेपदांची संख्या म्हणजे वेगाचं माप, असंही समजू नका.

## सातवी पायरी: कारकिर्दीची लांबी सारखी करा

रीड आणि व्हिलोपोटो यांची तुलना हा या विषयातला सर्वात शिकवणारा धडा आहे. रीडचे प्रीमियर सुपरक्रॉस विजय ४४, पोडियम १३२, स्टार्ट २५० हून जास्त. व्हिलोपोटोचे विजय ४१ आणि सलग चार विजेतेपदं, २०११ ते २०१४. स्टार्टमागे विजय काढले तर रीड १८ टक्क्यांच्या आत राहतो आणि व्हिलोपोटो त्याच्या कितीतरी पुढे निघून जातो.

पण रीडचा शेवटचा विजय २०१५ चा, आणि त्यानंतर तो २०२० पर्यंत गेटवर येत राहिला. ती पाच वर्षं छेद वाढवत गेली, अंशात काहीच पडलं नाही. व्हिलोपोटोने आपल्या शेवटच्या सुपरक्रॉस हंगामात ७ मेन जिंकले आणि ती मालिका सोडली, त्याला उतरणीचा काळच नाही. स्टार्टमागचं प्रमाण जसंच्या तसं वापरलं तर खेळावर प्रेम करून टिकून राहिलेल्या माणसाला शिक्षा होते.

तीन खिडक्यांतून पाहा, आणि तिन्हींचे आकडे शेजारी लिहा:

पहिले १०० प्रीमियर स्टार्ट. दोघांनाही शिकण्याचा काळ सारखा मिळतो.

सर्वोत्तम पाच हंगाम, सलग असोत वा नसोत. दुखापतीचा एखादा हंगाम आपोआप गळतो. हंगाम धरायला किमान ८ स्टार्ट असावेत अशी अट घाला.

वयाची खिडकी, उदाहरणार्थ २१ ते २७. वेगवेगळ्या पिढ्यांसाठी ही उपयोगी, कारण जुन्या काळी कारकिर्दी लवकर संपत.

रीडच्या बाजूने आणखी एक माप बोलतं: पोडियमचं विजयात रूपांतर. ४४ भागिले १३२, बरोबर एक तृतीयांश. म्हणजे दर विजयामागे दोन वेळा तो दुसरा किंवा तिसरा. त्याच्यासमोर आधी कारमायकल, मग स्टुअर्ट, मग व्हिलोपोटो आणि डन्जी होते. हे लक्षात घेतलं की हा आकडा कमकुवतपणाचा वाटेनासा होतो.

## आठवी पायरी: समोर कोण होतं

प्रतिस्पर्ध्यांची ताकद मोजल्याशिवाय दोन हंगामांची तुलना अर्धवट राहते. सोपं माप असं: प्रत्येक फेरीत, त्या तारखेपूर्वी प्रीमियर वर्गात किमान एक विजय मिळवलेले किती प्रतिस्पर्धी गेटवर होते ते मोजा. आणखी नेमकं हवं असेल तर मागच्या तीन वर्षांतले प्रीमियर विजेते किती, हे मोजा. हंगामाची सरासरी काढली की मैदान दाट होतं की विरळ, ते कळतं.

२०११ च्या सुपरक्रॉसमध्ये व्हिलोपोटो, रीड, डन्जी, स्टुअर्ट आणि ट्रे कॅनार्ड असे पाच जण जिंकले. व्हिलोपोटोचे १७ पैकी ६ विजय म्हणजे ३५.३ टक्के, रीडपुढे फक्त ४ गुण. १९९६ च्या ९३.३ टक्क्यांशेजारी हे फिकं दिसतं. पण एका मैदानात चार-पाच जण दर आठवड्याला जिंकण्याच्या ताकदीचे असतील, तर कोणाचाच आकडा ९० ला पोचत नाही. उलट बाजूने, लॉरेन्सच्या २२ पैकी २२ च्या उन्हाळ्यात टोमॅक दुखापतीमुळे बाहेर होता, हेही नोंदवायला हवं. त्याने तो पराक्रम लहान होत नाही. वाचणाऱ्याला पूर्ण माहिती मिळते एवढंच.

याच्या आधाराने विजयांना वजन देण्याचा मोह होतो. देऊ शकता, पण वजन न दिलेला आकडा शेजारी ठेवा. वजन कसं ठरवलं यावर निकाल फिरतो, आणि मनासारखं उत्तर येईपर्यंत वजन बदलत राहणं फार सोपं आहे. म्हणून वजनाचं सूत्र नावं भरण्याआधीच पक्कं करा.

## नववी पायरी: समोरासमोर

दोन रायडर एकाच काळातले असतील तर हे सर्वात प्रामाणिक माप. ट्रॅक तोच, हवा तीच, चिखलही तोच. दोघांनी स्टार्ट घेतलेल्या फेऱ्याच गाळून घ्या (काउंटइफ्स या अटींनुसार मोजणाऱ्या सूत्राने तारीख आणि दोघांचा स्टार्ट तपासा), कोण कितीदा पुढे राहिला ते मोजा, मग दोघांनीही शर्यत पूर्ण केलेल्या फेऱ्यांपुरतं पुन्हा मोजा. आउटडोअरला मोटोनिहाय मोजा, म्हणजे नमुना दुप्पट होतो.

निष्कर्ष काढताना हात आखडता ठेवा. २० फेऱ्यांत १२-८ म्हणजे पुढे असलेला नक्की सरस, असं म्हणता येत नाही. दोघं अगदी तुल्यबळ असले, तरी त्यांतल्या ठरावीक एकाला १२ किंवा जास्त मिळण्याची शक्यता सुमारे २५ टक्के असते. १५-५ असेल तर ती शक्यता सुमारे २ टक्क्यांवर येते, आणि मग बोलायला हरकत नाही.

छोट्या नमुन्याचा हाच त्रास नव्या रायडरांना चढवून दाखवतो. १० स्टार्टमध्ये ५ विजय म्हणजे ५० टक्के, १०० स्टार्टमध्ये ४० म्हणजे ४० टक्के. म्हणून पहिला सरस ठरत नाही. प्रत्येकाच्या खात्यात १० टक्के विजयाचे २० काल्पनिक स्टार्ट टाका, म्हणजे अंशात २ आणि छेदात २०. पहिल्याचे ७ भागिले ३० म्हणजे २३.३ टक्के, दुसऱ्याचे ४२ भागिले १२० म्हणजे ३५ टक्के. जसजसे स्टार्ट वाढतात तसतसा या भरीचा प्रभाव विरतो. १० टक्के आणि २० हे आकडे तुमच्या यादीच्या सरासरीवरून ठरवा, पण सगळ्यांना तेच लावा.

## लॅपचे आकडे असतील तर

अलीकडच्या हंगामांची लॅप-दर-लॅप पत्रकं मिळतात. त्यातून दोनच गोष्टी काढल्यात तरी पुष्कळ: पहिल्या लॅपअखेरची जागा आणि तिथून शेवटापर्यंत मिळवलेल्या वा गमावलेल्या जागा. सुपरक्रॉसचे ट्रॅक अरुंद असल्याने पहिल्या लॅपची जागा फार भाव खाते, आउटडोअरला ३० मिनिटं अधिक २ लॅप असल्याने मागून येणाऱ्याला वेळ मिळतो. सर्वात वेगवान एका लॅपला मात्र फार महत्त्व देऊ नका. मोकळा ट्रॅक मिळालेला आठव्या क्रमांकाचा रायडरही तो लॅप टाकून जातो. त्यापेक्षा शर्यतीच्या मधल्या दहा लॅपचा मध्यक घ्या. जुन्या काळासाठी अशी पत्रकं सलग मिळत नाहीत, म्हणून ही मापं पिढ्यांच्या तुलनेत आणू नका.

## मांडणी

अंतिम पानावर प्रत्येक रायडरची एक आडवी ओळ पुरे: स्टार्ट, विजयाची टक्केवारी, भर घातलेली टक्केवारी, पोडियमची टक्केवारी, न जिंकलेल्या फेऱ्यांची सरासरी जागा, मध्यक, सर्वोत्तम पाच हंगाम, मैदानाची ताकद, विजेतेपदं. सुपरक्रॉसची ओळ वेगळी, आउटडोअरची वेगळी. डोक्यावर तीन गोष्टी लिहा: कोणते वर्ग धरले, छेद कोणता, आणि आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे.

तारीख विशेष महत्त्वाची, कारण काही जण अजून धावत आहेत. टोमॅकचे प्रीमियर सुपरक्रॉस विजय २०२३ च्या अखेरीस ५१ होते आणि त्याने स्टुअर्टच्या ५० ला मागे टाकलं होतं. त्यानंतर आकडा पुढे सरकला. धावणाऱ्या रायडरला निवृत्त रायडरशेजारी ठेवताना ‘पहिले १०० स्टार्ट’ हीच खिडकी वापरा, कारण ती एकदा भरली की बदलत नाही.

पत्रक कोणाला दाखवण्याआधी कोणत्याही तीन ओळी निवडा आणि त्यांतला प्रत्येक आकडा मूळ निकालपत्रकावरून हाताने पुन्हा काढा. एकही चुकला, तर त्या मालिकेच्या सगळ्या ओळी तपासा. अशी चूक बहुधा सूत्रातली असते आणि ती एकाच ओळीपुरती राहत नाही.